डाओची तिजोरी आणि तिचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी आर्बिट्रम (ईथर या क्रिप्टोचलनाच्या इथेरियम जाळ्यावरचे व्यवहार स्वस्तात करून देणारे जाळे) आणि ईएनएस (क्रिप्टो पत्त्यांना वाचता येतील अशी नावे देणारी सेवा) या दोन डाओंचे खर्चाचे प्रस्ताव नियमाने वाचते आणि माझ्या वाट्याच्या थोड्याशा टोकनांवर मतही देते. एअरड्रॉपमध्ये, म्हणजे फुकट वाटपात, टोकन मिळालेले बरेच मराठी लोक ओळखीचे आहेत. टोकन म्हणजे मताधिकार हे त्यांना ठाऊक असते, पण त्या मतामागे केवढी रक्कम आहे आणि तिचा हिशेब कोण ठेवतो, हे विचारायला ते संकोचतात. त्यांनी अधूनमधून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टोकन घ्यावे की विकावे याबद्दल या पानावर काही नाही.

डाओची ट्रेझरी म्हणजे काय? पैसा असतो कुठे?

डाओ म्हणजे टोकनधारकांच्या मतावर चालणारी संघटना आणि ट्रेझरी म्हणजे तिची सामाईक तिजोरी. मोठ्या डाओंत ती ब्लॉकचेनवरच्या (सर्वांना दिसणाऱ्या सामाईक नोंदवहीवरच्या) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या अटींवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असते. गणपूर्ती होऊन प्रस्ताव मंजूर झाला, टाइमलॉकची, म्हणजे मंजुरी आणि अंमल यांत सक्तीने ठेवलेली, मुदत संपली, की कॉन्ट्रॅक्ट पैसे सोडते. खजिनदाराची सही लागत नाही.

आर्बिट्रमचे टोकन मार्च २०२३ मध्ये आले तेव्हा एकूण १,००० कोटी एआरबीपैकी (हे त्या टोकनाचे नाव) ४२.७८ टक्के डाओच्या ट्रेझरीसाठी असल्याचे जाहीर झाले होते. वापरकर्त्यांना एअरड्रॉपमधून मिळाले ११.६२ टक्के. लोकांच्या हाती जेवढे पडले त्याच्या साडेतीनपटीहून जास्त सामाईक तिजोरीत होते. आपल्या वॉलेटमधल्या टोकनांचा भाव लोक दिवसातून दहादा पाहतात, आणि सामाईक वाट्याकडे महिनोन् महिने फिरकत नाहीत.

लहान डाओंत पैसा बहुधा मल्टिसिग वॉलेटमध्ये असतो. समजा सात जणांकडे चाव्या आहेत. त्यांतल्या चौघांनी सही केली की रक्कम हलते. तिथे टोकनधारकांचे मत हा तांत्रिकदृष्ट्या सल्लाच असतो, कारण सही करणाऱ्यांनी तो मानला नाही तर कॉन्ट्रॅक्ट काही करू शकत नाही. म्हणून कुठल्याही डाओबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असतो: मंजुरीनंतर पैसे आपोआप जातात, की कोणीतरी पाठवतो?

सगळे व्यवहार चेनवर उघडे असतात. मग वेगळी देखरेख कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि डाओंना सर्वांत महाग पडणारा गैरसमजही यातच दडलेला आहे.

चेनवर दिसते ते पासबुक. अमक्या पत्त्यावरून तमक्या पत्त्यावर इतके टोकन इतक्या वाजता गेले, एवढेच त्यात असते. ते कशासाठी गेले, ठरलेले काम झाले का, दर वाजवी होता का, पैसे घेणारा आणि मत देणारा यांचे काही लागेबांधे आहेत का, यांतले काहीच पासबुकात लिहिलेले नसते.

शिवाय माग फार लवकर संपतो. ट्रेझरीतून रक्कम मल्टिसिगमध्ये जाते, तिथून एक्स्चेंजवर, तिथून एखाद्या कंपनीच्या बँक खात्यात. त्यापुढे पगारावर किती गेले, वकिलांवर किती, प्रवासावर किती हे कळायचा मार्ग एकच उरतो: खर्च करणाऱ्याने लिहून दिलेला जमाखर्च. तो देण्याची अट प्रस्तावातच घालून घेतली नसेल तर नंतर फक्त विनंती करता येते.

सगळे उघडे आहे या भरवशावर प्रत्येक जण धरून चालतो की दुसरा कोणीतरी पाहत असेल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती गत इथे डोळस माणसांची होते, कारण त्यांनी जात्याकडे पाहायचे सोडलेले असते.

'आमचे ऑडिट झाले आहे' असे डाओ सांगते. मग चिंता मिटली ना?

नाही. ते ऑडिट जवळजवळ नेहमी कोडचे असते. कॉन्ट्रॅक्टमधून चोर पैसे काढू शकेल का, हे त्यात तपासलेले असते. रीतसर मंजूर झालेले पैसे योग्य कामावर खर्च झाले का, हा लेखापरीक्षणाचा विषय वेगळा. शब्द एकच असल्यामुळे भलेभले फसतात.

आर्बिट्रमचे 'एआयपी-१' प्रकरण एवढे का गाजले?

कारण देखरेखीचे जवळपास सगळे प्रश्न त्यात एकदम वर आले.

टोकन वाटून जेमतेम आठवडा होत होता, तोच आर्बिट्रम फाउंडेशनचा (डाओच्या वतीने कारभार पाहणाऱ्या संस्थेचा) पहिला प्रस्ताव, म्हणजेच एआयपी-१, मतदानाला आला. फाउंडेशनची रचना, सिक्युरिटी कौन्सिलचे (आणीबाणीत कोड बदलू शकणाऱ्या गटाचे) अधिकार, प्रस्ताव मांडायची पद्धत असे पुष्कळ काही एकाच गाठोड्यात बांधले होते. त्याच गाठोड्यात फाउंडेशनच्या प्रशासकीय अंदाजपत्रकासाठी ७५ कोटी एआरबी होते. तेव्हाच्या भावाने ही रक्कम १०० कोटी डॉलरच्या आसपास जात होती. त्यातून 'विशेष अनुदाने' देताना दर वेळी डाओचे मत घ्यायचेही बंधन नव्हते.

मतदान चालू असतानाच लोकांच्या लक्षात आले की टोकन आधीच हलली आहेत. त्यांतली ५ कोटी वापरातही आली होती: ४ कोटी विंटरम्यूट या बाजारात खरेदी-विक्री खेळती ठेवणाऱ्या कंपनीला कर्जाऊ दिली होती, आणि १ कोटी चालू खर्चासाठी विकली होती. फाउंडेशनचे म्हणणे असे की प्रस्ताव परवानगीसाठी नव्हताच. आधी घेतलेल्या निर्णयांवर शिक्कामोर्तब व्हावे एवढ्यासाठी होता. वरातीमागून आलेल्या घोड्यावर मत घेण्यात काय अर्थ, असा लोकांचा संताप होता. तो मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो.

बहुसंख्य मते विरोधात पडली. मग गाठोडे सोडवले गेले. एआयपी-१.१ मध्ये उरलेल्या टोकनांना चार वर्षांत हळूहळू उघडणारे कुलूप आले, अंदाजपत्रकाचा तपशील आला, पारदर्शकता अहवालाची हमी आली. एआयपी-१.२ ने फाउंडेशनची कागदपत्रे दुरुस्त केली आणि प्रस्ताव मांडण्यासाठी लागणारी टोकन ५० लाखांवरून १० लाखांवर आणली. दोन्ही मंजूर झाले. ७० कोटी टोकन ट्रेझरीत परत करा, असाही एक प्रस्ताव आला होता. तो मात्र मतदारांनीच फेटाळला.

या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण मला सगळ्या प्रकरणाचे सार तिथे दिसते. फाउंडेशनला पैसे मिळू नयेत असे लोकांना कधीच म्हणायचे नव्हते. न विचारता घेतले याचा राग होता. कुलूप लावून, तपशील देऊन मागितले तेव्हा लोकांनी तेच पैसे राहू दिले.

ट्रेझरीत शेकडो कोटी डॉलर आहेत असे आकडे येतात. ते खरे धरायचे का?

तो आकडा म्हणजे टोकनांची संख्या गुणिले आजचा भाव. आणि बहुतेक डाओंच्या तिजोरीत सर्वांत मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्याच टोकनाचा असतो. ते मोठ्या प्रमाणात विकायला काढले की भाव पडतो, म्हणजे कागदावरची ती रक्कम प्रत्यक्षात हाती येत नाही. आर्बिट्रमचे टोकन जानेवारी २०२४ मध्ये २ डॉलरच्या वर होते आणि २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ५० सेंटच्या खाली आले. टोकनांच्या संख्येच्या मानाने पाहिले तर तिजोरी फारशी रिकामी झाली नव्हती. तिच्यातून किती महिने पगार निघतील हा हिशेब मात्र चौपट खाली आला होता.

म्हणून ट्रेझरीचा आकडा वाचताना मी स्वतःचे टोकन आधी बाजूला काढते. मागे जे ईथर, स्टेबलकॉइन (डॉलरशी भाव बांधलेले टोकन) आणि रोखे उरतात ती खरी गंगाजळी. तिला महिन्याच्या खर्चाने भागले की डाओ किती काळ तग धरेल ते कळते.

ईएनएस डाओने फेब्रुवारी २०२३ मध्ये १०,००० ईथर विकून त्यांचे यूएसडीसी (असेच एक स्टेबलकॉइन) करायचा ठराव केला, साधारण दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज म्हणून. ईथर पुढे महागले तर काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण पगार डॉलरमध्ये ठरलेले असतील तर तेवढे डॉलर हाताशी असलेच पाहिजेत. भाव चढेल या आशेवर पगार थकवणे हा सट्टा आहे, आणि तो दुसऱ्यांच्या पैशांवर खेळलेला सट्टा आहे. आर्बिट्रमनेही २०२४ मध्ये साडेतीन कोटी एआरबी ब्लॉकचेनवर टोकनच्या रूपात मिळणाऱ्या सरकारी रोख्यांसारख्या स्थिर साधनांकडे वळवायचा कार्यक्रम मंजूर केला. एवढ्या मोठ्या तिजोरीच्या मानाने ही रक्कम लहानच आहे, आणि सुरुवात उशिरा झाली असे माझे मत आहे.

डाओचे अंदाजपत्रक कोण तयार करते?

अनेक डाओंत कोणीच नाही, हे प्रामाणिक उत्तर. सुटे प्रस्ताव येतात आणि ज्याचा त्याचा गुणदोष पाहून मंजूर होतात. आज अनुदान, पुढच्या महिन्यात परिषद, त्यापुढे बाजारपेठ वाढवायला प्रोत्साहन. आर्बिट्रममध्ये २०२३ च्या शरद ऋतूत अल्पकालीन प्रोत्साहनासाठी ५ कोटी एआरबी मंजूर झाले. पात्र ठरूनही वगळले गेलेल्या प्रकल्पांनी तक्रार केल्यावर आणखी २ कोटींहून जास्त दिले गेले. २०२४ मध्ये संगणकीय खेळांच्या (गेमिंगच्या) क्षेत्रासाठी २० कोटींच्या वर टोकन ठरले. एकेक प्रस्ताव वाचला तर प्रत्येकात काही तथ्य आहे. पण वर्षाची बेरीज किती व्हावी हे आधी कोणी ठरवले नव्हते. अंथरूण किती लांब आहे ते मोजलेच नाही, तर पाय कुठवर पसरायचे हे कोण सांगणार?

ईएनएसची रचना मला जास्त पटते. तिथे मेटागव्हर्नन्स (डाओचा कारभार), इकोसिस्टम (ईएनएसवर उभे राहणारे प्रकल्प) आणि पब्लिक गुड्स (सार्वजनिक हिताची कामे) असे कार्यगट आहेत. प्रत्येक गटाचे प्रमुख निवडून येतात, गट मुदतीसाठी लागणारी रक्कम मागतो आणि मुख्य तिजोरीला हात न लावता आपल्या मल्टिसिगमधून खर्च करतो. चूक झालीच तर ती त्या मुदतीच्या रकमेपुरती राहते. कार्यगटांची संख्या आणि त्यांचा खर्च यावर तिथेही सतत वाद होतात, आणि ते झाले पाहिजेत.

रक्कम टोकनमध्ये मंजूर करायची की डॉलरमध्ये, हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण अंदाजपत्रके बहुधा इथेच फसतात. दहा लाख टोकन मंजूर केले आणि भाव दुप्पट झाला तर काम तेच राहते, मोबदला दुप्पट होतो. भाव निम्मा झाला तर लोक काम अर्धवट टाकून जातात. रक्कम डॉलरमध्ये ठरवावी, टोकनमध्ये द्यायची असल्यास कुठल्या दिवसाचा भाव धरायचा ते लिहावे, उरलेले टोकन परत यावेत. प्रस्तावात ही तीन वाक्ये नसतील तर मी आधी तीच मागते.

ईएनएसला नावांच्या नोंदणीतून उत्पन्न मिळते. मग तिथे हिशेब सोपा असेल?

उलट, हिशेबनिसाची खरी परीक्षा तिथेच आहे, आणि मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

'.ईथ'ने (.eth) संपणाऱ्या पाच किंवा जास्त अक्षरांच्या नावासाठी वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांना १६०, तीन अक्षरांना ६४० डॉलर अशी फी आहे आणि ती ईथरमध्ये भरली जाते. कोणी दहा वर्षांसाठी नाव घेतले तर ५० डॉलर आजच जमा होतात. पण त्यांतले या वर्षाचे उत्पन्न फक्त ५. बाकीचे ४५ म्हणजे आगाऊ जमा, ताळेबंदाच्या देणे बाजूला जाणारी रक्कम, कारण पुढची नऊ वर्षे ते नाव चालू ठेवायची जबाबदारी अंगावर आहे.

२०२२ मध्ये आकडी नावांवर झुंबड उडाली तेव्हा तिजोरीत ईथर धो धो आले. ती सगळी रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरून कोणी खर्च ठरवला असता तर पुढच्या मंदीत हात पोळले असते. पासबुक आणि ताळेबंद यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ईएनएसच्या घटनेत असेही लिहिले आहे की फीचा मुख्य हेतू नावे उगाच अडवून ठेवली जाऊ नयेत हा आहे आणि उत्पन्न ईएनएस व इतर सार्वजनिक हिताच्या कामांसाठी वापरावे. खर्चाच्या वादात हे कलम काढून दाखवता येते. कशासाठी पैसा आहे हे आधी लिहून ठेवल्याचा हा फायदा.

मंजूर रक्कम एकदम द्यावी की हप्त्याने?

हप्त्याने. एकदम दिलेली उचल परत येत नाही.

टोकनांची अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॅप या मंचाच्या डाओचे २०२१ चे उदाहरण पाहा. डीफायबद्दल (बँकांविना चालणाऱ्या क्रिप्टो वित्तव्यवहारांबद्दल) धोरणविषयक काम करण्यासाठी 'डीफाय एज्युकेशन फंड' स्थापन करायला १० लाख युनि टोकन मंजूर झाले, तेव्हाच्या भावाने सुमारे २ कोटी डॉलर. काम काही वर्षे चालेल असे सांगितले होते. रक्कम मिळाल्यावर थोड्याच दिवसांत फंडाने निम्मे टोकन विकून १ कोटी डॉलरहून अधिक यूएसडीसी घेतले. लोक भडकले. मात्र विक्री कधी आणि किती करायची याचे बंधन प्रस्तावात घातलेलेच नव्हते. फंडाला वर्षांचा खर्च स्थिर चलनात ठेवावासा वाटणे समजण्यासारखे आहे. वेळापत्रक आधी लिहून घेतले असते तर दोन्ही बाजूंचा मनस्ताप वाचला असता.

आता पैसे प्रवाहासारखे सोडायची सोय आहे. ईएनएसचे मुख्य विकसक असलेल्या संस्थेला डाओ काही काळ रोज ११,५०० यूएसडीसी या दराने, म्हणजे वर्षाला साधारण ४२ लाख डॉलर, देत होती. कामाबद्दल असमाधान वाटले तर डाओ मत घेऊन प्रवाह थांबवू शकते, आणि नुकसान तेवढ्या दिवसांपुरते राहते. दीर्घ मुदतीच्या निधीबाबतही ईएनएसने असाच विचार केला. गुंतवणूक सांभाळणाऱ्या कार्पॅटकी या संस्थेला ठरावीक व्यवहार करायची परवानगी आहे. निधी आपल्या पत्त्यावर काढून घ्यायची चावी तिच्याकडे नाही. ही मर्यादा कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेली आहे, विश्वासावर सोडलेली नाही.

मत देणारे थोडेच असतात असे ऐकतो. मग पैशांचे निर्णय खरे कोण घेते?

काही मोजके डेलिगेट. बहुतेक धारक आपले मत दुसऱ्याला सोपवतात किंवा काहीच करत नाहीत. यात दोष डेलिगेटांचा नाही; त्यांतले कित्येक जण अत्यल्प मोबदल्यात शेकडो पाने वाचतात. पण थोडी मते पुरेशी असली की तिजोरी जिंकणे स्वस्त होते.

जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या क्रिप्टो कर्जसेवेच्या डाओत २८९ क्रमांकाचा प्रस्ताव आला: ४,९९,००० कॉम्प टोकन, म्हणजे सुमारे २.४ कोटी डॉलर, एका गटाने चालवलेल्या योजनेत गुंतवावेत. ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी तो मंजूर झाला. मोठ्या टोकनधारकाने मते जमवून तिजोरीला हात घातला, असा गदारोळ उठला. शेवटी वाटाघाटी होऊन प्रस्ताव मागे घेतला गेला. नियम कुठेच मोडला नव्हता, म्हणून मला ते जास्त काळजीचे वाटते.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२५ चे. आर्बिट्रममध्ये देखरेख आणि पारदर्शकता समितीची निवडणूक होती. मतशक्ती भाड्याने देणाऱ्या लॉबीफाय या मंचावर एकाने ५ ईथर, म्हणजे दहा हजार डॉलरच्या आतली रक्कम, मोजून सुमारे १.९३ कोटी टोकनांची मते त्या निवडणुकीत वापरली. ज्या समितीने पैशांवर लक्ष ठेवायचे तिच्याच निवडणुकीत मते विकत मिळाली. तुम्ही आपले मत अशा मंचाला सोपवून थोडे व्याज घेत असाल तर कृपया पुन्हा विचार करा.

तिजोरीवर थेट दरोडा पडू शकतो का?

पडला आहे. १७ एप्रिल २०२२ रोजी बीनस्टॉक या स्टेबलकॉइन प्रकल्पावर हल्ला करणाऱ्याने क्षणभरासाठी सुमारे १०० कोटी डॉलरचे फ्लॅश लोन (त्याच व्यवहारात फेडायचे विनातारण कर्ज) उचलले, त्यातून दोन-तृतीयांशांहून जास्त मतशक्ती मिळवली, आदल्या दिवशी मांडून ठेवलेला प्रस्ताव तातडीच्या तरतुदीखाली मंजूर केला आणि कर्ज फेडून मोकळा झाला. एकाच व्यवहारात सगळे उरकले. प्रकल्पाचे नुकसान १८ कोटी डॉलरच्या वर गेले. मत मोजणे आणि पैसे हलणे यांत टाइमलॉक असता, किंवा मत जुन्या नोंदीवरून मोजले असते, तर हा मार्ग बंद होता.

ईएनएसने २०२४ मध्ये घातक प्रस्ताव रद्द करण्यापुरती सिक्युरिटी कौन्सिल नेमली: आठ सदस्य, त्यांतल्या चौघांच्या सह्या, आणि अधिकाराला दोन वर्षांची मुदत. मते सोपवलेली टोकन कमी आणि तिजोरी मोठी, त्यामुळे मते विकत घेऊन ती लुटणे फायद्याचे ठरू शकेल ही भीती त्यामागे होती. नकाराधिकार आठ जणांना देणे मला सहज पटले नव्हते. मुदत लिहिलेली आहे म्हणून पटले.

देखरेख समिती नेमली की काम झाले असे समजायचे का?

समितीलाही मानधन द्यावे लागते, तिचेही लागेबांधे असू शकतात, आणि तिला कागद मागायचा अधिकार नसेल तर ती नुसती नावाला राहते. डाय हे स्टेबलकॉइन चालवणाऱ्या मेकरडाओत जून २०२२ मध्ये कर्जांवर देखरेख करणारा स्वतंत्र गट नेमायचा प्रस्ताव आला आणि चुरशीच्या मतदानात पडला. विरोधकांना सत्ता एका गटाकडे जाण्याची भीती होती, समर्थकांना देखरेखीविना कर्जे वाटली जाण्याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत.

माझा कल लहान समितीकडे आहे: निवडून आलेली, ठरावीक मुदतीची, पैसे वाटायचा अधिकार नसलेली, पण प्रवाह तात्पुरता थांबवू शकणारी. वाटणारा आणि तपासणारा एकच असेल तर तपास होत नाही.

खर्चाचा प्रस्ताव वाचताना काय पाहावे?

मी शेवटून वाचायला घेते. आधी पैसे कुठल्या पत्त्यावर जाणार ते पाहते, आणि तो पत्ता मल्टिसिग असेल तर सह्या कोणाच्या. मग रक्कम कशी फोडली आहे ते. 'विकास आणि संचलन' अशा एका ओळीत निम्मी रक्कम बसवली असेल तर किती माणसे, किती महिने, काय दराने हे विचारते. 'आकस्मिक खर्च' दहा टक्क्यांच्या वर गेला तर कारण विचारते. त्यानंतर यश कशावर मोजणार ते पाहते. 'समुदाय वाढेल' हे मोजता येत नाही. 'अमुक तारखेपर्यंत हे साधन चालू असेल आणि कोड खुला असेल' हे मोजता येते. याच लोकांनी पूर्वी पैसे घेतले असतील तर त्यांचा जुना अहवाल शोधते. तो सापडला नाही, तर नव्या प्रस्तावाखाली पहिला प्रश्न त्याचाच.

हे मी ठेच लागून शिकले. एका लहान डाओत भाषांतराच्या प्रकल्पाला मी हौसेने होकार दिला होता. कल्पना सुंदर होती, माणसे गोड बोलणारी होती. रक्कम एकरकमी गेली, अहवाल द्यायची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, आणि काम कधी दिसले नाही. मंजूर करणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे ती चूक माझीही होती.

निर्णय पटत नसेल तर आपला वाटा घेऊन बाहेर पडता येते का?

बहुतेक डाओंत नाही. टोकन बाजारात विकणे एवढाच मार्ग असतो. 'नाउन' या डिजिटल चित्रांच्या लिलावावर चालणाऱ्या नाउन्स डाओने मात्र तशी तरतूद केली. तिथे लिलावाचे सगळे पैसे ट्रेझरीत जातात, आणि ठरावीक प्रमाणात धारक एकत्र आले तर तिजोरीतला आपला हिस्सा घेऊन वेगळी डाओ काढू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक नाउन्स असे बाहेर पडले आणि सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर सोबत गेले. काहींना खर्चाची उधळपट्टी खुपत होती, काहींनी केवळ फायदा पाहिला. दार उघडे असले की दोघेही त्यातून जातात.

मी मत दिले म्हणून कायद्याने जबाबदार धरला जाईन का?

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात पोहोचला आहे. ऊकी या क्रिप्टो व्यापारमंचाच्या डाओविरुद्ध तिथल्या वायदेबाजार नियामकाने खटला भरला आणि जून २०२३ मध्ये ६,४३,५४२ डॉलर दंडाचा निकाल लागला; डाओच्या वतीने कोणी हजरच झाले नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्यीय न्यायालयाने एका दाव्याच्या प्राथमिक टप्प्यावर ईथर गुंतवून परतावा देणाऱ्या लिडो या सेवेच्या डाओला भागीदारी संस्था मानता येईल असे म्हटले. भागीदारीत जबाबदारी भागीदारांवर येऊ शकते. म्हणूनच वायोमिंगने १ जुलै २०२४ पासून अशा विकेंद्रित संघटनांसाठी नोंदणीचा वेगळा प्रकार लागू केला. आपली डाओ कुठल्या कायदेशीर चौकटीत आहे ते विचारून घ्या.

भारतात राहून डाओकडून मानधन घेतले तर?

टोकन मिळाले त्या दिवशीचे त्याचे रुपयातले मूल्य हे कामाचे उत्पन्न धरावे लागते, आणि पुढे ते विकून झालेल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मिळाल्याची तारीख, भाव आणि व्यवहाराचा दुवा त्याच दिवशी वहीत उतरवा. दोन वर्षांनी हे शोधताना सीएसुद्धा हात टेकतात.

आठवड्याला एक तास देऊ शकतो. सुरुवात कुठून करू?

एकच डाओ घ्या, जिचे टोकन तुमच्याकडे आहे ती. पहिल्या तासात तिचे ट्रेझरीचे सगळे पत्ते एका तक्त्यात उतरवा. ते बहुधा दस्तऐवजांच्या पानावर असतात. दुसऱ्या आठवड्यात मागच्या सहा महिन्यांत मंजूर झालेले खर्च त्यापुढे लिहा. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक खर्चापुढे अहवाल आला का, एवढी एकच खूण करा. रिकाम्या राहिलेल्या ओळींपैकी सर्वांत मोठी निवडा आणि ज्यांनी पैसे घेतले त्यांना नम्रपणे, रकमेचा व प्रस्ताव क्रमांकाचा उल्लेख करून, चारचौघांत विचारा की अहवाल कधी मिळेल. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नाला उत्तर येते, कारण तोवर कोणी विचारलेलेच नसते.